जर्मनमधलं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘डॉख’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकायला लागलं की पहिल्याच तासाला ‘या’ म्हणजे हो आणि ‘नाइन’ म्हणजे नाही, हे वहीत उतरवून होतं. सहा महिन्यांनी कुणीतरी साधं विचारतं, ‘तुला भूक नाही का?’ आणि चांगली तयारी असलेला विद्यार्थीही अडखळतो. पुण्यात जर्मन शिकवताना आणि तिकडे राहायला गेलेल्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलताना जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. जर्मन शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. ‘डॉख’मधला ख मात्र घशातून घासून काढायचा, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा.

‘या’ आणि ‘नाइन’ एवढ्यावर भागत नाही का?

प्रश्न होकारार्थी असेल तर भागतं. ‘कॉम्स्ट डू मॉर्गन?’ म्हणजे ‘उद्या येतोस का?’ उत्तर ‘या’ किंवा ‘नाइन’. जर्मनमध्ये आपल्या ‘का’सारखा प्रश्नाचा शब्द शेवटी लावत नाहीत. क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आणलं की प्रश्न तयार. अशा प्रश्नाला व्याकरणात ‘एन्टशाइडुंग्सफ्रागं’ म्हणतात, म्हणजे निर्णय मागणारा प्रश्न. मला हे नाव फार आवडतं. कारण विचारणाऱ्याने समोरच्यापुढे दोनच दारं ठेवलेली असतात आणि त्यातून एक निवडायला लावलेलं असतं, हे त्या एका शब्दात येतं.

खरी गंमत सुरू होते ती प्रश्नातच ‘नाही’ आलं की.

मग ‘डॉख’ म्हणजे नेमकं काय?

समोरच्याने नकारार्थी विचारलं किंवा नकारार्थी विधान केलं, आणि तुम्हाला ते खोडायचं असेल, तर ‘डॉख’. ‘हास्ट डू काइनन हुंगर?’ (तुला भूक नाही का?) या प्रश्नाला दोन उत्तरं होतात. भूक नसेल तर ‘नाइन’. असेल तर ‘डॉख’. इथे ‘या’ म्हणायचंच नाही. म्हटलंत तर समोरचा थांबतो आणि पुन्हा विचारतो, कारण भूक आहे की नाही हे त्याला कळत नाही.

प्रश्नच असायला हवा असंही नाही. कुणी म्हणालं, ‘तू काल आला नाहीस,’ आणि तुम्ही गेला होतात, तर ‘डॉख!’ या एका शब्दात ‘आलो होतो की!’ एवढं सगळं मावतं. दोन लहान मुलं भांडत असली की ‘नाइन!’ ‘डॉख!’ ‘नाइन!’ ‘डॉख!’ असं किती वेळ चालेल सांगता येत नाही.

मराठी माणूस इथेच का चुकतो?

कारण आपला ‘हो’ आणि त्यांचा ‘या’ वेगळं काम करतात. ही एक गोष्ट पक्की समजली तर या पानावरचं बाकी निम्मं आपोआप समजेल.

‘तू काल आला नव्हतास ना?’ असं विचारलं तर आपण सहज म्हणतो, ‘हो, नव्हतो आलो.’ हा ‘हो’ समोरच्या माणसाला दिलेला असतो: तू म्हणतोस ते बरोबर आहे. आपण ‘नाही, नव्हतो आलो’ असंही म्हणतो आणि तेही चालतं. मराठी कानाला दोन्हीत काही खटकत नाही, कारण खरं उत्तर पुढच्या क्रियापदात असतं. किंबहुना पुष्कळदा आपण हो-नाही म्हणतच नाही. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘पाणी आलं का?’ ‘आलं.’ क्रियापदच परत करायचं, झालं.

जर्मनमध्ये उत्तर माणसाला नसतं, घडलेल्या गोष्टीला असतं. गोष्ट घडली नसेल तर ‘नाइन’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. समोरच्याचा अंदाज बरोबर होता की चूक, याचा ‘नाइन’शी संबंध नाही. म्हणून ‘तू आला नव्हतास ना?’ याला सहमती दर्शवतानाही जर्मन माणूस ‘नाइन’ म्हणतो. आणि आपण मराठीच्या सवयीने मान हलवून ‘या’ म्हणतो.

‘डॉख’ला मराठीत जवळचा शब्द आहे का?

आहे. ‘की’. आणि हे साम्य वरवरचं नाही. ‘येणार नाहीस?’ ‘येणार की!’ यातला ‘की’ म्हणजे उत्तरातला ‘डॉख’. आता ‘ये की!’ घ्या, आग्रहाचा. जर्मनमध्ये ‘कॉम डॉख!’ इथेही ‘डॉख’च. नकार खोडायचा आणि आग्रह करायचा, ही दोन्ही कामं दोन्ही भाषांनी एकेका छोट्या शब्दाकडे सोपवली आहेत. वर्गात हे दाखवलं की चेहरे उजळतात. ज्याला ‘की’ कुठे टाकायचा हे आईच्या मांडीवर कळलं, त्याला ‘डॉख’ परका वाटायचं कारण नाही.

फरक इतकाच की आपला ‘की’ एकटा उभा राहत नाही, त्याला क्रियापदाचा आधार लागतो. ‘डॉख’ एकटाही पुरतो.

हा तिसरा शब्द फक्त जर्मनमध्येच आहे का?

नाही. फ्रेंचमध्ये याच कामाला ‘सी’ आहे, डॅनिश आणि स्वीडिश भाषांतही असा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत तर एके काळी चार शब्द होते: होकारार्थी प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. पुढे पहिली जोडी मागे पडली. आपण जर्मन बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकतो आणि आजच्या इंग्रजीत ‘डॉख’ची जागा रिकामी आहे. त्यापेक्षा मराठीतून थेट शिकलेलं बरं.

आगगाडीत कुणी खिडकी उघडण्याबद्दल विचारलं. मी ‘या, या’ म्हणालो तर तो खिडकी न उघडताच बसला. असं का?

त्याने बहुधा विचारलं असेल, ‘श्ट्योर्ट एस झी...?’ म्हणजे ‘मी खिडकी उघडली तर तुम्हाला त्रास होईल का?’ तुम्ही ‘हो, हो’ म्हणालात, म्हणजे त्रास होईल. ‘हाबन झी एट्वास डागेगन?’ (तुमची काही हरकत आहे का?) हाही त्याच जातीचा. परवानगी द्यायची असेल तर इथे ‘नाइन’ म्हणायचं: ‘नाइन, बिट्टं.’ प्रश्नात त्रास किंवा हरकत हे शब्द ऐकू आले की उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्या.

आपल्याकडे ‘नाही’, ‘नको’ आणि ‘नव्हे’ आहे. त्यांच्याकडे एकच ‘नाइन’?

एका शब्दाचं उत्तर द्यायचं तर हो, एकच. ‘नको’ हा मराठीचा मोठा दागिना आहे. त्यात इच्छा आहे, आणि घटनेबद्दल तो काहीच बोलत नाही. जर्मनमध्ये ‘चहा आहे का?’ ‘नाही’ आणि ‘चहा घेणार का?’ ‘नको’ या दोन्हींना ‘नाइन’च. मात्र पाहुणचाराच्या वेळी नुसतं ‘नाइन’ तुटक वाटतं, म्हणून ‘नाइन, डांकं’ म्हणायचं. वाक्याच्या आत नकाराचे दोन प्रकार आहेत: नामाला ‘काइन’, बाकी बहुतेक ठिकाणी ‘निष्ट’. ‘नव्हे’ची छटा ‘निष्ट अमुक, झोन्डर्न तमुक’ या रचनेत सापडते: अमुक नव्हे, तर तमुक.

फोनवर ‘नाइन’ ऐकून नऊ लिहून घेऊ नका. जर्मन नऊ म्हणजे ‘नॉइन’.

केक हवा होता, मी ‘डांकं’ म्हणाले आणि ताट पुढे गेलं.

हे इतक्या जणांच्या बाबतीत घडलं आहे की मी ते आता पहिल्या आठवड्यातच सांगते. काही पुढे केल्यावर नुसतं ‘डांकं’ (धन्यवाद) म्हटलं, तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘नको, धन्यवाद’ असा घेतला जातो. हवं असेल तर ‘या, गेर्नं’ किंवा ‘या, बिट्टं’ म्हणा.

आणि पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमानांनी आग्रह केला की घ्यायचं, ही आपली रीत तिथे गृहीत धरू नका. तुम्ही ‘नाइन’ म्हणालात तर ते तुमचा शब्द मान्य करतात. त्यात कोरडेपणा नाही. नकाराला नकार म्हणून मान देणं, हाच त्यांच्याकडचा आदर. नव्याने गेलेली मुलं पहिल्या काही जेवणांना अर्धपोटी उठतात, आणि इकडे त्यांच्या आईला वाटतं की लोक विचारत नाहीत. लोक विचारतात, फक्त एकदाच.

‘या, या’ असं दोनदा म्हटलं तर काय बिघडतं?

आपण फोनवर ‘हो हो, बरोबर’ म्हणतो ते आपलेपणाने. जर्मनमध्ये भराभर म्हटलेलं ‘याया’ म्हणजे ‘कळलं, आता पुरे’. साहेबाने काम सांगितल्यावर ‘याया’ म्हटलंत तर उद्धटपणा होईल. नकळत होणाऱ्या चुकांत मला हीच सर्वांत जास्त सलते, कारण म्हणणाऱ्याच्या मनात नम्रता असते आणि ऐकणाऱ्यापर्यंत नेमकं उलट पोचतं.

ऐकतोय हे दाखवायला ‘गेनाउ’ (अगदी), ‘श्टिम्ट’ (बरोबर), ‘क्लार’ (अर्थात) किंवा तोंड मिटून ‘म्हं’ वापरा. ‘यावोल’ जपून वापरा, त्याला लष्करी शिस्तीचा वास आहे. ‘नाइन, नाइन’ आणि ‘डॉख, डॉख’ मात्र दोनदा चालतात, त्यांत धीर देण्याचा सूर असतो.

‘याइन’ हा खरा शब्द आहे का?

खरा आहे आणि शब्दकोशातही आहे. ‘या’ आणि ‘नाइन’ जोडून झालेला: हो पण आणि नाही पण. मराठीत आपण ‘हो-नाही करता करता’ म्हणतो, पण तिथे माणूस घोळत असतो. ‘याइन’ म्हणणाऱ्याने बहुधा ठरवलेलं असतं की दोन्ही बाजू सांगायच्या. म्हणून ‘याइन’ नंतर स्पष्टीकरण द्यावं लागतं. नुसतं ‘याइन’ म्हणून गप्प बसलात तर लोक वाट पाहत राहतील.

‘बघू’ला काय म्हणू?

‘माल झेअन’ म्हणजे अक्षरशः ‘बघू या’. पण आपला ‘बघू’ हा कित्येकदा मऊ भाषेतला नकार असतो आणि दोघांनाही ते माहीत असतं. जर्मन सहकारी मात्र पुढच्या मंगळवारी विचारायला येईल, ‘मग, बघितलंस का?’ यायचं नसेल तर ‘लाइडर नाइन’ (दुर्दैवाने नाही) म्हणा. त्यांना त्याचा राग येत नाही. शुक्रवारपर्यंत ‘बघू’ म्हणून शनिवारी न गेलात तर येतो.

मानेचंही हेच. होकाराला वरखाली, नकाराला डावी-उजवीकडे, एवढंच तिथे चालतं. आपल्याकडची एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे झुलणारी मान त्यांना ‘नाइन’सारखी किंवा ‘याइन’सारखी दिसते.

सगळीकडे ‘या’च म्हणतात का?

उत्तरेत ‘यो’ पुष्कळ ऐकू येतं. बर्लिनमध्ये ‘नाइन’चं ‘ने’ होतं, आणि सैलसर बोलण्यात ‘न्यो’ सगळीकडे. ड्रेस्डेनच्या परिसरात, म्हणजे सॅक्सनीत, ‘नू’ म्हणजे हो! तिथे गेलेल्याला पहिल्या दिवशी सगळं नाकारलं जातंय असं वाटू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये ‘नाइन’चं ‘नाई’ होतं (आपल्या बोलीतल्या ‘न्हाई’च्या किती जवळ!) आणि ‘डॉख’ऐवजी ‘मॉल’ किंवा ‘मोमॉल’ म्हणतात. वाक्याच्या शेवटी लावायचा आपला ‘ना’ही ठिकठिकाणी बदलतो: कुठे ‘ओडर?’, दक्षिणेत ‘गेल?’, बर्लिनला ‘वा?’.

वाक्याच्या मध्येच ‘या’ येतो, त्याचा अर्थ ‘हो’ होतो का?

होत नाही. ‘एस रेग्नेट या!’ म्हणजे ‘अरे, पाऊस पडतोय की!’ इथे ‘या’चं भाषांतर करायला जाऊ नका, सूर पकडा. पुन्हा आपला ‘की’च मदतीला आला, बघा.

फॉर्मवर ‘या’ आणि ‘नाइन’ असे चौकोन असतात. बरोबरची खूण करायची ना?

फुली करायची. आपल्या शाळेने शिकवलं की फुली म्हणजे चूक. जर्मन फॉर्मवर फुली म्हणजे ‘हे निवडलं’. त्यांचं क्रियापदच आहे ‘आनक्रॉइत्सन’, क्रॉस करून खूण करणं. ‘लागू नाही’ म्हणून एका चौकोनात फुली मारून दुसरा मोकळा सोडलात तर तुमचं उत्तर उलटं नोंदलं जाईल. ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का?’ अशा प्रश्नाला हे महागात पडतं.

गोएथं इन्स्टिट्यूटच्या परीक्षेतही (पुण्यात आपण ज्याला मॅक्समुल्लर भवन म्हणतो) उत्तरपत्रिकेवर फुलीच असते. चुकलं तर तो चौकोन पूर्ण काळा करायचा आणि योग्य चौकोनात नवी फुली. बी-1 या मधल्या पातळीच्या परीक्षेत वाचनाच्या चौथ्या भागात वाचकांची मतं असतात आणि ती व्यक्ती अमुक गोष्टीच्या बाजूने आहे का, याचं ‘या’ किंवा ‘नाइन’ द्यायचं असतं. विषय ‘बंदी असावी का’ असा असेल तर सावध राहा. ज्याला ती गोष्ट आवडते त्याचं उत्तर ‘नाइन’ येतं. मुलं आवड शोधतात आणि ‘या’वर फुली मारतात.

फक्त हो आणि नाही यावर माणसं कितपत बोलू शकतात?

बरंच. पश्चिम जर्मनीत 1955 साली ‘वास बिन इश?’ (मी कोण?) हा टीव्हीवरचा खेळ सुरू झाला आणि मधला खंड सोडला तर 1989 पर्यंत चालला. पाहुण्याचा व्यवसाय चौघांनी ओळखायचा, आणि विचारायचे ते फक्त हो-नाहीचे प्रश्न. प्रत्येक ‘नाइन’ला सूत्रधार रोबर्ट लेम्ब्के डुकराच्या आकाराच्या गल्ल्यात 5 मार्कांचं (मार्क म्हणजे तेव्हाचं तिथलं चलन) नाणं टाकत. दहा ‘नाइन’ झाले की 50 मार्क पाहुण्याचे आणि खेळ संपला.

त्यात गाजलेली एक प्रश्नाची धाटणी होती: ‘मी असं धरून चाललो की अमुक आहे, तर ते बरोबर आहे का?’ ही बारकाईने बघा. ‘तुम्ही हाताने काम करत नाही’ हे त्या साच्यात घातलं तर बरोबर असल्यास उत्तर ‘या’ येतं. म्हणजे जर्मन माणसालाही समोरच्याच्या अंदाजाला दाद देणारा, आपल्या मराठी ‘हो’सारखा ‘या’ हवा असतो. फक्त त्यासाठी प्रश्न वेगळा बांधावा लागतो.

मतपत्रिकेवर ‘या’ आणि ‘नाइन’ असलं तर ते तरी सोपं असेल?

सोपं दिसतं. पण दोनच दारं ठेवणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता असते, कारण कुठल्या दारावर कुठली पाटी लावायची हे तो ठरवतो.

27 नोव्हेंबर 2011 रोजी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात श्टुटगार्टच्या नव्या रेल्वे स्थानकाच्या प्रकल्पावर जनमत घेतलं गेलं. प्रश्न स्थानकाबद्दल नव्हताच. राज्याने त्या प्रकल्पाच्या करारातून बाहेर पडण्याचा हक्क वापरावा, असं सांगणारा कायदा मान्य आहे का, असा होता. म्हणजे स्थानक नको असणाऱ्याने ‘या’ म्हणायचं आणि हवं असणाऱ्याने ‘नाइन’. सुमारे 59 टक्के मतं ‘नाइन’ पडली आणि प्रकल्प चालू राहिला. खिडकीच्या प्रश्नासारखंच हे, फक्त सबंध राज्याला विचारलेलं.

10 एप्रिल 1938ची मतपत्रिका याहून फार वाईट. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यानंतर नाझींनी दोन प्रश्न एकाच वाक्यात बांधले: हे एकीकरण मान्य आहे का आणि हिटलरच्या उमेदवारांच्या यादीला मत देतोस का. उत्तराला मात्र जागा एकच. मधोमध मोठं वर्तुळ ‘या’चं, बाजूला लहानसं ‘नाइन’चं. ऑस्ट्रियात 99 टक्क्यांहून जास्त ‘या’ असल्याचं जाहीर झालं. जिथे ‘नाइन’ म्हणायची भीती वाटते, तिथल्या ‘या’ला काही अर्थ नसतो, हे त्या कागदावरच्या दोन वर्तुळांत नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आणि दोन दारं कमी पडली तर काय करता येतं, याचं चांगलं उदाहरण स्वित्झर्लंडचं. तिथे लोकांचा प्रस्ताव आणि त्यावर संसदेचा पर्यायी प्रस्ताव, दोन्ही एकाच वेळी मतदानाला येऊ शकतात. पूर्वी दोन्हींना ‘या’ म्हटलं तर मत बाद. त्यामुळे बदल हवा असणाऱ्यांची मतं फुटत आणि जुनंच चालू राही. 1987 साली नियम बदलला. आता दोन्हींना ‘या’ म्हणता येतं, आणि ‘दोन्ही मंजूर झाले तर कुठला हवा?’ असा तिसरा प्रश्न असतो, त्याला ‘श्टिशफ्रागं’ म्हणतात. हो-नाही टाकून न देता त्यांनी आणखी एक प्रश्न जोडला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

‘याइन’ चालतच नाही अशी जागा आहे का?

लग्न. नोंदणी कार्यालयात अधिकारी वधूवरांना वेगवेगळं विचारतो आणि प्रत्येकाने स्वतः, तिथे हजर राहून उत्तर द्यायचं. जर्मन नागरी संहितेप्रमाणे या होकाराला अट किंवा मुदत घालता येत नाही. या होकाराला स्वतंत्र शब्दच आहे, ‘यावॉर्ट’.

दुसरी जागा त्याहून महत्त्वाची आणि ती नकाराची आहे. ‘नाइन हाइस्ट नाइन’, नाही म्हणजे नाही. 2016 पर्यंत जर्मन फौजदारी कायद्यात बलात्कार सिद्ध व्हायला जबरदस्ती, धमकी किंवा असहायतेचा गैरफायदा दाखवावा लागे. बाईने नुसतं ‘नाइन’ म्हटलं होतं, हे पुरत नसे. 7 जुलै 2016 रोजी संसदेने कायदा बदलला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तो लागू झाला. आता समोरच्या व्यक्तीची अनिच्छा ओळखू येत असताना केलेली कृती हा गुन्हा आहे. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मी ही तीन शब्दांची ओळ पाठ करायला सांगते.

‘डॉख’ जिभेवर बसवायचा कसा?

दोघांनी बसा. एकाने दहा खोटी नकारार्थी वाक्यं म्हणायची: तुझं नाव अमुक नाही, तू पुण्याची नाहीस, तुला आंबा आवडत नाही. दुसऱ्याने आधी मराठीत ‘आहे की!’, ‘आवडतो की!’ म्हणायचं आणि लगेच ‘डॉख!’. तिसऱ्या दिवशी मराठी गाळायचं. मग वाक्यांत मधूनच एखादं खरं नकारार्थी वाक्य घुसडायचं, ज्याला ‘नाइन’च म्हणावं लागेल. ‘तू काल बर्लिनला नव्हतास’ यावर न अडखळता ‘नाइन’ आलं, मान वरखाली न हलता, की समजायचं जमलं.